‘ऊसतोड : होय / नाही’ – श्रमसंपर्काच्या अभ्यासांतील मापनदोषाची चिकित्सा (धाराशिव जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

धाराशिव जिल्ह्यातील कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकाच्या सीमाभागातील कारखान्यांच्या फडांवर चार-पाच महिने काढून ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. या श्रमाचा शरीरावर, विशेषतः स्त्रियांच्या शरीरावर, कोणता परिणाम होतो हा प्रश्न २०१९ नंतर सार्वजनिक चर्चेत ठळकपणे आला. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, गृहविज्ञान, भूगोल अशा अनेक विद्याशाखांतील अभ्यासक त्याकडे वळले आणि ते स्वागतार्हच आहे.

मात्र अशा अभ्यासांची एक ठरीव प्रश्नावली नजरेसमोर आणली तर तिच्यातील विसंवाद लपत नाही. आजाराविषयी तीत पंधरा-वीस प्रश्न असतात. कंबरदुखी आहे का, किती दिवसांपासून आहे, कोणत्या दवाखान्यात उपचार घेतले, किती खर्च आला, असे सर्व काही विचारले जाते. श्रमाविषयी मात्र प्रश्न बहुधा एकच असतो : ‘ऊसतोडीला जाता का? होय / नाही.’ फार तर ‘किती वर्षांपासून?’ हा उपप्रश्न त्याला जोडलेला असतो. म्हणजे परिणामाचे मोजमाप बारकाईने आणि कारणाचे मोजमाप ढोबळपणे, अशी ही रचना आहे. अखेरीस सारणी तयार होते, काय-वर्ग चाचणी लावली जाते आणि ‘श्रम व आजार यांत सार्थ संबंध आढळला नाही’ असा निष्कर्ष नोंदवला जातो.

या निष्कर्षाची चिकित्सा हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. श्रमाचे मोजमाप ढोबळ असेल तर खरा संबंध असूनही तो आकड्यांत पुसट होतो, हे संख्याशास्त्राला शतकभरापासून ज्ञात आहे. ‘संबंध आढळला नाही’ हे वाक्य शासनाच्या, कारखान्यांच्या आणि कधी न्यायालयाच्याही पातळीवर ‘अपाय नाही’ असे वाचले जाण्याचा धोका असतो. त्यामुळे मापनदोषाचा अंदाज घेणे हे केवळ तांत्रिक काम राहत नाही. ज्यांच्यावर अभ्यास होतो त्यांना न्याय मिळण्याचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

संपर्क, मात्रा आणि दोष :

व्यावसायिक आरोग्यशास्त्रात ‘एक्सपोजर’ ही मध्यवर्ती संज्ञा आहे. येथे तिच्यासाठी ‘संपर्क’ आणि त्या संपर्काच्या मापासाठी ‘संपर्कमात्रा’ हे शब्द योजले आहेत. धूळ, धूर, रसायन, उष्णता, आवाज, डोक्यावरचे ओझे, वाकून केलेले काम या सर्वांशी कामगाराचा संपर्क येतो. तो किती तीव्रतेने आणि किती काळ आला यावर संपर्कमात्रा ठरते. खरी संपर्कमात्रा आणि नोंदवलेली संपर्कमात्रा यांतील अंतर म्हणजे मापनदोष.

हा दोष एकाच जातीचा नसतो. काही दोष यादृच्छिक असतात, म्हणजे कधी अधिक तर कधी उणे पडतात. काही पद्धतशीर असतात, म्हणजे नेहमी एकाच बाजूला झुकतात. पद्धतशीर दोषाचे एक रूप म्हणजे चुकीचीच गोष्ट मोजणे. मुंबईच्या कापड गिरण्यांचे उदाहरण येथे बोलके आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांच्यासारख्या वैद्यांनी गिरणी कामगारांच्या फुप्फुसविकारांचा अभ्यास केला आणि ‘बिसिनोसिस’ हा कापसाच्या धुळीने होणारा विकार चर्चेत आणला. या विकाराच्या अभ्यासात हवेतील एकूण धूळ मोजली तर तीत डोळ्यांना दिसणारे जाड तंतूही येतात आणि ते फुप्फुसात खोलवर पोहोचतच नाहीत. म्हणूनच अमेरिकेने १९७८ मध्ये कापूस-धुळीचे मानक ठरवताना मोजमापाचे उपकरणही ठरवून दिले. जाड तंतू वगळून फक्त बारीक धूळ टिपणारे ते उपकरण होते आणि सूतनिर्मितीसाठी मर्यादा दर घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम होती. काय मोजायचे हे आधी ठरल्याशिवाय किती मोजले याला अर्थ येत नाही, हा त्यातील धडा होय.

गिरणीला निदान छप्पर होते आणि कायदाही होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने हवेतील घातक द्रव्यांच्या अनुज्ञेय मर्यादांची अनुसूची जोडली गेली. उसाचा फड त्या अधिनियमातील ‘कारखान्या’च्या व्याख्येत बसत नव्हता. साखर कारखान्याच्या बॉयलर विभागात मोजमाप करण्याचे बंधन येऊ शकत होते, पण त्याच कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या फडावर तसे काही नव्हते. त्यामुळे ऊसतोडीच्या संपर्कमात्रेच्या नियमित नोंदीच उपलब्ध होत नाहीत आणि सारा भार अभ्यासकाच्या प्रश्नावलीवर येऊन पडतो.

एका गाजलेल्या आकड्याची मर्यादा :

२०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले. हे प्रमाण सुमारे १६.८ टक्के येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत देशभरात हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते.

या आकड्याने एक मोठे काम केले. जे दुःख कोपीच्या आत राहिले होते ते विधिमंडळात पोहोचले. मात्र आकड्याचे सामाजिक मोल आणि त्याचा कार्यकारण-अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. १६.८ आणि ३ यांची तुलना करताना दोन्हीकडे वयाची चौकट एकच आहे का, हे प्रथम पाहावे लागते, कारण वय वाढते तसे अशा शस्त्रक्रियांचे संचित प्रमाण वाढतच जाते. त्याहून महत्त्वाची बाब अशी की या आकड्यात ‘ऊसतोड’ हा एकच शिक्का आहे. त्या शिक्क्याखाली डोक्यावरच्या मोळीचे ओझे आहे आणि पाळीच्या दिवसांत पाणी व आडोसा नसणे आहे. लहान वयातले लग्न आणि बाळंतपणे आहेत. एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ पडून दंड होण्याची धास्ती आहे, उचल फेडण्याचा ताण आहे आणि शस्त्रक्रियेचा सल्ला चटकन देणारा दवाखानाही आहे. यांपैकी कशाचा वाटा किती, हे त्या एका शिक्क्यातून कळू शकत नाही.

उपाय कोणता करायचा हे या वाट्यांवरच अवलंबून असल्यामुळे हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा ठरतो. ओझे हे मुख्य कारण असेल तर मोळीच्या वजनावर आणि भरणीच्या पद्धतीवर बंधन हवे. अस्वच्छता मुख्य असेल तर फडावर शौचालय व पाणी हवे. दवाखान्याचा व्यवहार मुख्य असेल तर शस्त्रक्रियांवर देखरेख हवी. संपर्काचे मोजमाप ‘होय / नाही’ एवढेच राहिले तर प्रत्येक संबंधित घटकाला बोट दुसऱ्याकडे दाखवण्याची सोय होते.

फडावरील मोजमापाच्या अडचणी :

संपर्कमात्रा नेमकी कुठे हरवते हे समजण्यासाठी ऊसतोडीची रचना पाहणे आवश्यक आहे. पहिली अडचण एककाची आहे. या व्यवहारात पती-पत्नीची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. उचल कोयत्यावर दिली जाते आणि हिशेबही कोयत्याचाच होतो. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. स्त्रीच्या श्रमाची स्वतंत्र नोंद या हिशेबात कोठेही होत नाही. तिने बांधलेल्या मोळ्या, तिने वाहिलेले ओझे, पहाटे तोडीपूर्वी आणि रात्री भरणीनंतर केलेला स्वयंपाक हे सारे त्या एका कोयत्यात विरून जाते.

दुसरी अडचण कामाच्या प्रकारांची आहे. ‘डोकी सेंटर’मध्ये मोळ्या डोक्यावरून ट्रक वा ट्रॅक्टरपर्यंत नेऊन फळीवरून वर चढवाव्या लागतात. ‘गाडी सेंटर’ आणि ‘टायर सेंटर’मध्ये बैलगाडीने वाहतूक होते. तेथे ओझ्याची वाट तुलनेने छोटी असली तरी बैलांची देखभाल आणि कारखान्याच्या आवारातील खोळंबा यांची भर पडते. दोघीही ‘ऊसतोड : होय’ याच रकान्यात बसतात, पण त्यांच्या मणक्यावर आणि ओटीपोटावर येणारा भार सारखा नसतो.

तिसरी अडचण दिवसागणिक होणाऱ्या बदलाची आहे. वाहन वेळेवर आले तर भरणी संध्याकाळी उरकते, उशिरा आले तर मध्यरात्री करावी लागते. फड रस्त्याकडेचा असेल तर ओझ्याची वाट चार पावलांची असते, आत असेल तर ती लांबते आणि चिखलातून जाते. आडसाली ऊस आणि खोडवा यांच्या तोडीतही फरक असतो. एकाच स्त्रीचा सोमवार आणि गुरुवार इतके वेगळे असू शकतात की एका दिवसाच्या नोंदीवरून तिचा हंगाम ठरवणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करण्यासारखे आहे. ही परीक्षा भात एकसारखा शिजलेला असेल तरच खरी ठरते.

चौथी अडचण खास धाराशिवसारख्या जिल्ह्याची आहे. येथील कामगारांचा संपर्क बहुतांशी जिल्ह्याबाहेर घडतो आणि अभ्यास मात्र बहुधा गावी, हंगाम संपल्यावर होतो. वैशाखात ओसरीवर बसून डिसेंबरातल्या कामाचे तास विचारले जातात, म्हणजे प्रत्यक्षात मोजली जाते ती स्मृती. त्यातही उत्तर पुष्कळदा पती किंवा सासू देते, आणि प्रसंगी मुकादमही. फडावर जाऊन पाहणी केली तर स्मृतीचा दोष टळतो, पण मग सोयीच्या दोन-चार तळांवरचीच माणसे नमुन्यात येतात आणि प्रकृती बिघडल्याने घरी राहिलेल्या स्त्रिया गणनेतूनच सुटतात. कामगारांच्या अभ्यासांत या शेवटच्या दोषाला ‘निरोगी कामगार परिणाम’ म्हणतात. सर्वाधिक झळ बसलेली व्यक्ती कामाच्या जागी सापडतच नाही, त्यामुळे काम निर्धोक भासते.

कारखान्याच्या वजनकाट्याची पावती हा एक वस्तुनिष्ठ पुरावा हाताशी असतो. तिच्यावर तारीख आणि टन असतात, पण ते संपूर्ण टोळीचे असतात. टनांना कोयत्यांच्या संख्येने भागून प्रत्येकीच्या नावे सरासरी लिहिली तर वेगळ्याच जातीचा दोष निर्माण होतो. जोसेफ बर्कसन या संख्याशास्त्रज्ञाने १९५० मध्ये त्याचे विवेचन केले. गटाची सरासरी अचूक असेल आणि संबंध सरळरेषीय असेल, तर अशा दोषाने संबंधाचा उतार बिघडत नाही, मात्र अंदाजाची नेमकेपणाची पातळी घसरते. उष्णतेच्या अभ्यासात जवळच्या हवामान केंद्राचे तापमान सर्वांच्या नावे लिहिण्याची प्रथा याच प्रकारात मोडते. त्यात आणखी एक उणीव असते. श्रमिकाला जाणवणारी उष्णता हवेच्या तापमानाएवढीच नसते. व्यावसायिक आरोग्यात वापरल्या जाणाऱ्या उष्णता-निर्देशांकात, उघड्यावरील कामासाठी, ओल्या फुग्याच्या तापमानाला ०.७, काळ्या गोलकाच्या तापमानाला ०.२ आणि कोरड्या तापमानाला केवळ ०.१ इतके भारांक दिलेले असतात. दाट उसाच्या आत, वारा नसताना, दमट हवेत हे गणित केंद्रावरच्या तापमापकाहून पुष्कळ वेगळे ठरू शकते.

क्षीणतेचे गणित :

या दोषांचा निष्कर्षावर काय परिणाम होतो हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, २०० ऊसतोड स्त्रियांपैकी १०० जणींचे काम खरोखर जड आणि १०० जणींचे तुलनेने हलके आहे. जड कामाच्या गटात २० टक्के आणि हलक्या कामाच्या गटात १० टक्के स्त्रियांना एखादा विकार आहे, म्हणजे खरी जोखीम दुप्पट आहे. आता प्रश्नावलीमुळे दोन्ही गटांतील प्रत्येकी २० टक्के स्त्रिया चुकीच्या रकान्यात गेल्या, असे मानू. मग ‘जड’ रकान्यात विकाराचे प्रमाण १८ टक्के आणि ‘हलक्या’ रकान्यात १२ टक्के दिसेल. दुपटीची जोखीम दीडपट भासेल. चुकीचे वर्गीकरण ३० टक्के असेल तर हेच आकडे १७ आणि १३ होतील आणि गुणोत्तर जेमतेम १.३ उरेल. वर्गीकरण ५० टक्के चुकीचे, म्हणजे नाणेफेकीसारखे असेल, तर फरक पूर्णपणे नाहीसा होईल. या तिन्ही वेळा स्त्रियांच्या शरीरात काहीच बदललेले नसते. जे बदलते ते केवळ मोजमाप.

सार्थकतेच्या चाचणीवर याचा थेट परिणाम होतो. २० आणि १० टक्क्यांतील फरक २०० च्या नमुन्यात पाच टक्के सार्थकता पातळीचा उंबरठा जेमतेम गाठतो. १८ आणि १२ मधील फरक तो गाठू शकत नाही. म्हणजे ‘सार्थ संबंध आढळला नाही’ हे वाक्य येथे श्रमाविषयी काही न सांगता प्रश्नावलीविषयीच सांगत असते.

संपर्कमात्रा अंकांत मोजली असता हाच नियम अधिक नेमका मांडता येतो. कामगारा-कामगारांमधील खऱ्या फरकाचे प्रचरण आणि एकाच कामगाराच्या दिवसा-दिवसांमधील फरकाचे प्रचरण असे दोन भाग असतात. पहिल्या भागाला दोहोंच्या बेरजेने भागले की विश्वसनीयता गुणांक मिळतो. दोन्ही भाग समान असतील तर एका दिवसाच्या मोजमापाची विश्वसनीयता ०.५ येते आणि संबंधाचा उतार निम्माच दिसतो. त्याच व्यक्तीचे दोन दिवस मोजून सरासरी घेतली तर गुणांक सुमारे ०.६७ होतो, चार दिवस मोजल्यास ०.८. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच सहसंबंधाच्या या क्षीणतेची दुरुस्ती सुचवली होती. व्यावसायिक संपर्काच्या क्षेत्रात क्रोमहाउट, सिमान्स्की आणि रॅपपोर्ट यांनी १९९३ मध्ये सुमारे २० हजार मोजमापांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. एकाच ठिकाणी एकच काम करणाऱ्यांच्या गटांपैकी जेमतेम चौथा हिस्सा गट त्यांना संपर्काच्या दृष्टीने बऱ्यापैकी एकजिनसी आढळले. उघड्यावर काम करणाऱ्यांत दिवसागणिक बदल अधिक असल्याचेही त्यांनी दाखवले. फडाइतके उघड्यावरचे काम दुसरे क्वचितच असेल.

सुखात्मे यांचा वारसा :

हा विचार मराठी अभ्यासकाला परका वाटण्याचे कारण नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांचा अभ्यास करताना दाखवून दिले की कापणीसाठी घेतलेला वाफा जितका लहान, तितके हेक्टरी उत्पन्न अधिक भरते. काठावरची झाडे आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा कल असतो आणि लहान वाफ्यात काठाचा वाटा मोठा असतो. हा पद्धतशीर मापनदोषच होय. मराठवाड्यातील शेतकऱ्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पीकविम्याची भरपाई कापणी प्रयोगाच्या आकड्यावर ठरते, हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमधील ताग-पिकाच्या पाहण्यांत एकाच क्षेत्राचे दोन स्वतंत्र उपनमुने दोन वेगळ्या गटांकडून मोजून घेण्याची रीत घातली. दोन्ही उत्तरांतील तफावत हीच त्या पाहणीच्या दोषाची साक्ष ठरे.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतील कारकिर्दीनंतर पुण्यास परतलेल्या सुखात्मे यांनी कुपोषणाच्या मोजमापाचा वाद उभा केला. एकाच व्यक्तीचा आहार आणि गरज दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरी उष्मांकाच्या रेषेखाली एखाद्या दिवशी दिसणारा प्रत्येक जण कुपोषित मानणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच काळात वि. म. दांडेकर यांनी त्याचा जोरदार प्रतिवाद केला. उपासमारीशी जुळवून घेणाऱ्या शरीराला ‘सुस्थितीतील’ ठरवले जाईल, ही टीकाकारांची धास्ती होती.

या वादातून दोन गोष्टी शिकता येतात. व्यक्तीच्या अंतर्गत बदलाकडे दुर्लक्ष केले तर आकडा फसवतो, हे सुखात्मे यांच्या मांडणीतून दिसते. त्या बदलाचा अर्थ लावताना माणसाची स्थिती विसरली तर दुरुस्तीही फसवू शकते, हे दांडेकरांच्या प्रतिवादातून दिसते. मापनदोषाचा अंदाज हे दुधारी साधन आहे.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर :

येथे असा आक्षेप संभवतो की मापनदोषाने संबंध नेहमी क्षीणच होतो असे मानून प्रत्येक नकारार्थी निष्कर्षाला होकारार्थी वाचण्याची पळवाट यातून मिळेल. हा आक्षेप रास्त आहे. वरील गणित दोष दोन्ही गटांत सारखा असतानाच लागू पडते. ज्या स्त्रीची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा जिची कंबर सतत दुखते, तिला फडावरचे ओझे अधिक तीव्रतेने आठवणे स्वाभाविक आहे. धडधाकट स्त्री तेच ओझे विसरून गेलेली असते. असा भेदकारी दोष संबंध फुगवूही शकतो. भरपाईची चर्चा सुरू असताना घेतलेल्या मुलाखतीत हा झुकाव वाढू शकतो, तर मुकादमाच्या उपस्थितीत घेतलेल्या मुलाखतीत तो नेमका उलटा होऊ शकतो. शिवाय विश्वसनीयतेने भागून उतार दुरुस्त केला की अंदाजासोबत त्याची अनिश्चितताही वाढते, कमी होत नाही.

म्हणूनच येथे कोणत्याही एका बाजूला झुकलेली दुरुस्ती सुचवलेली नाही. दोषाची दिशा आणि आकार यांचा पुरावा अभ्यासातच गोळा केला जावा, एवढाच आग्रह आहे. दोष गृहीत धरून निष्कर्ष उलटा वाचणे जितके असमर्थनीय, तितकेच दोष शून्य मानून निष्कर्ष जसाच्या तसा छापणेही असमर्थनीय आहे. दुसरी चूक सारणीच्या नेटक्या चौकटीत बसल्यामुळे सहसा नजरेस येत नाही.

महाविद्यालयीन अभ्यासासाठी शक्य मार्ग :

मापनदोषाचा अंदाज घेण्यास मोठी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. पहिली गोष्ट म्हणजे ‘ऊसतोड : होय / नाही’ या प्रश्नाची फोड करावी. सेंटरचा प्रकार, मोळ्यांची संख्या, ओझ्याची वाट, भरणीची वेळ, पाळीच्या व गरोदरपणाच्या काळातील काम आणि सलग कामाचे दिवस हे वेगवेगळे विचारावेत, आणि उत्तर त्याच स्त्रीकडून, शक्यतो एकांतात आणि स्त्री-प्रश्नकाकडून घ्यावे. दुसरी गोष्ट, नमुन्यातील निदान एक चतुर्थांश व्यक्तींची मुलाखत काही दिवसांनी पुन्हा घ्यावी आणि ती दुसऱ्या प्रश्नकाने घ्यावी. महालनोबीस यांच्या रीतीचा हा छोटा अवतार होय. दोन्ही उत्तरांतील मेळ किती, हा आकडा निष्कर्षाच्या सारणीशेजारीच छापावा.

तिसरी गोष्ट, एका छोट्या उपनमुन्यासाठी प्रत्यक्ष मोजमाप करावे. साध्या ताणकाट्यावर मोळीचे वजन करता येते, पावलांनी वाट मोजता येते आणि घड्याळ लावून भरणीची वेळ नोंदता येते. एकाच व्यक्तीचे निदान दोन, शक्य तर चार वेगवेगळे दिवस मोजावेत, म्हणजे दिवसागणिक बदलाचे प्रचरण हाती येते. जिल्ह्यातही साखर कारखाने आणि ऊस असल्याने यासाठी कोल्हापूर-सांगलीपर्यंत जाण्याची अट नाही, मात्र स्थानिक फडावरचे प्रमाण स्थलांतरितांना जसेच्या तसे लावू नये. चौथी गोष्ट, वजनकाट्याची पावती आणि स्त्रीचे कथन यांची परस्पर पडताळणी करावी. दोहोंचे दोष वेगळ्या जातीचे असल्याने ते एकमेकांना उघडे पाडतात. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘संबंध आढळला नाही’ असे लिहिण्यापूर्वी एवढ्या मापनदोषासह, एवढ्या नमुन्यात, किती मोठा संबंध दिसू शकला असता याचे गणित मांडावे. दुप्पट जोखीमही जिला दिसू शकली नसती, अशा पाहणीला जोखीम नसल्याचा निर्वाळा देण्याचा अधिकार पोहोचत नाही.

समीक्षक-परीक्षकांवरही येथे काही जबाबदारी येते. लघुप्रबंधाच्या मौखिक परीक्षेत नमुना किती घेतला हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याच्या जोडीला ‘किती जणांना पुन्हा विचारले?’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला तर प्रश्नावल्या आपोआप बदलतील.

समारोप :

वजनकाट्यावर टनात किलोभर चूक झाली तरी टोळी हरकत घेते, कारण त्या आकड्यावर तिची मजुरी ठरते. श्रमाच्या संपर्कमात्रेवर त्याच टोळीतील स्त्रियांचे आरोग्य, भरपाई आणि पुढील धोरण ठरत असते. तेथील चूक मात्र कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तो काटा अभ्यासकाच्या हातात असतो आणि त्याची तपासणी करण्याचा रिवाज नाही. उसाचे वजन पावतीवर येते, पण ऊस वाहणाऱ्या स्त्रीवरचे वजन कोणत्याही पावतीवर येत नाही. ते शोधनिबंधात यायचे असेल तर प्रथम ते नीट मोजले पाहिजे, आणि मोजताना चूक किती झाली असावी हेही तेवढ्याच प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ‘संबंध आढळला नाही’ या वाक्यापुढे मापनदोषाचा आकडा नसेल, तर ते वाक्य अपुरे आहे असेच मानावे लागेल.